एलिक्सिरचे प्रोटोकॉल: परक्या डेटा टाइपला नवं काम जोडताना काय मिळतं, काय नाही

बिलिंगच्या प्रणालीत रक्कम एकाच रूपात कधीच नसते. डेटाबेसमधून ‘डेसिमल’ (अचूक दशांश संख्या) येतो, पेमेंट गेटवे पैशांतला पूर्णांक पाठवतो, आपल्या कोडमध्ये ‘रुपये’ नावाचं स्वतःचं स्ट्रक्ट (नावं दिलेल्या फील्डचा साचा) असतं आणि पावतीच्या ओळीत दर वेगळा, नग वेगळे. या सगळ्यांना ‘पैसे किती?’ हा एकच प्रश्न विचारता यायला हवा. पण डेसिमलची लायब्ररी आपली नाही आणि पूर्णांक तर थेट भाषेचाच. एलिक्सिर या फंक्शनल भाषेत यासाठीचं साधन म्हणजे प्रोटोकॉल: प्रश्न एकदा जाहीर करायचा आणि त्याचं उत्तर, म्हणजे ‘इम्प्लिमेंटेशन’, प्रत्येक टाइपसाठी (डेटाच्या प्रकारासाठी) वेगळं लिहायचं.

मेथड वर्गाच्या आत ठेवणाऱ्या भाषांत नवा वर्ग सहज लिहिता येतो, पण परक्या वर्गाला नवी मेथड चिकटवणं अवघड जातं. फंक्शनल भाषेत साधं ‘केस’ लावून फंक्शन लिहिलं की अडचण उलटी होते: नवं फंक्शन लिहिणं सोपं, पण नवा टाइप आला की जुनं फंक्शन उघडून त्यात शाखा वाढवावी लागते, आणि ते फंक्शन दुसऱ्याच्या लायब्ररीत असेल तर तीही सोय नाही. फिलिप वॉडलर यांनी १९९८ मध्ये या दुहेरी कोंडीला ‘एक्सप्रेशन प्रॉब्लेम’ हे नाव दिलं. हॅस्केल या भाषेतले टाइप क्लास हे त्या दिशेचं जुनं उत्तर; वॉडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी ते १९८९ मध्ये मांडलं. क्लोजर या भाषेत १.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून, प्रोटोकॉल आले आणि तिथून प्रेरणा घेऊन एलिक्सिरचे निर्माते जोसे वालिम यांनी ते आपल्या भाषेत आणले. हा आढावा त्या एलिक्सिरच्या प्रोटोकॉलचा आहे.

निष्कर्ष आधीच सांगतो. दोन लायब्रऱ्या किंवा लायब्ररी आणि अ‍ॅप जिथे भेटतात, तिथे हे साधन उत्तम आहे. अ‍ॅपच्या आतल्या रोजच्या कामाला ते बहुतेक वेळा लागतच नाही. आणि ‘एका टाइपला एकच इम्प्लिमेंटेशन’ ही त्याची अट नीट कळली नसेल, तर ते ऐन वेळी अडवतं.

बांधणी

आधी नावांबद्दल एक सूचना. खाली सगळी नावं देवनागरीत लिहिली आहेत. एलिक्सिरमध्ये व्हेरिएबल आणि फंक्शनचं नाव देवनागरीत खरोखर चालतं, पण मॉड्यूलचं (फंक्शनांच्या गटाचं) नाव रोमन अक्षरांतच द्यावं लागतं. प्रोटोकॉल आणि स्ट्रक्ट दोन्ही मॉड्यूलच असल्यामुळे त्यांची नावं टंकताना रोमनमध्ये टंकायची.

‘डेफप्रोटोकॉल’ने ‘पैसे’ हा प्रोटोकॉल जाहीर करायचा आणि त्यात ‘किती’ हे एक पॅरामीटर घेणारं फंक्शन नुसतं घोषित करायचं, देह न देता. मग प्रत्येक टाइपसाठी ‘डेफइम्प्ल पैसे, फॉर: अमुक’ असा एक तुकडा. पूर्णांकासाठी एका ओळीत काम होतं: आला तोच आकडा परत. आपल्या ‘रुपये’ स्ट्रक्टसाठी हा तुकडा त्या मॉड्यूलच्या आतच लिहावा. तिथे ‘फॉर’ लिहावं लागत नाही, आजूबाजूचं मॉड्यूल आपोआप धरलं जातं.

डेसिमलसाठी थोडं जपून. आधी १०० ने गुणायचं, मग शून्य दशांश स्थळांपर्यंत ‘राउंड’ करायचं आणि त्यानंतरच ‘टू इंटिजर’ला द्यायचं. मधली पायरी गाळली तर १२.३४५ सारखी किंमत येताच ‘टू इंटिजर’ एरर फेकतं, कारण ते अपूर्णांक स्वतःहून कापत नाही. ‘राउंड’ काही न सांगता अर्ध्याला वर नेतं. हिशेबाचा नियम वेगळा असेल तर तिसऱ्या पॅरामीटरने तो उघड लिहावा. सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्याला तोच दुवा असतो.

फ्लोटसाठी, म्हणजे यंत्रातल्या अंदाजे दशांश संख्येसाठी, इम्प्लिमेंटेशन मुद्दाम देऊ नये. १.१५ ला १०० ने गुणलं की यंत्रात ११४.९९९९९९९९९९९९९९ येतात आणि ‘ट्रंक’ केलं (अपूर्णांक कापला) तर एक पैसा गायब होतो. इम्प्लिमेंटेशन नसेल तर कुणी चुकून फ्लोट पाठवताच ‘प्रोटोकॉल अनडिफाइन्ड एरर’ येते, त्यात प्रोटोकॉलचं नाव आणि आलेली किंमत दोन्ही छापलेली असतात. प्रोटोकॉल कुणाला लागू नाही, हा निर्णयही तो कुणाला लागू आहे इतकाच विचारपूर्वक घ्यायचा असतो. या बाबतीत एलिक्सिरचं वागणं मला मनापासून आवडतं: न सांगितलेल्या टाइपसाठी ते अंदाज बांधत नाही.

परक्या टाइपचं इम्प्लिमेंटेशन कुठे ठेवायचं? प्रोटोकॉल आपला असेल तर प्रोटोकॉलच्याच फाइलमध्ये किंवा तिच्या शेजारी. आपण लायब्ररी लिहीत असू आणि डेसिमल ही ऐच्छिक डिपेंडन्सी असेल, तर तो तुकडा ‘कोड डॉट एन्शुअर लोडेड’ या तपासणीच्या ‘इफ’मध्ये गुंडाळायचा. नाहीतर डेसिमल न वापरणाऱ्या माणसाच्या प्रकल्पात नसलेल्या मॉड्यूलचे उल्लेख शिल्लक राहतात आणि कंपाइलर त्यावर कुरकुरतो.

प्रोटोकॉलमधलं एखादं फंक्शन इम्प्लिमेंटेशनमध्ये लिहायचं राहिलं तर कंपाइलर फक्त वॉर्निंग देतो, थांबत नाही. म्हणून सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) वॉर्निंगलाच एरर मानणारा पर्याय चालू हवा. हॅस्केलच्या टाइप क्लासमध्ये फंक्शनला डिफॉल्ट देह देता येतो, तशी सोय इथे नाही. त्याचा परिणाम लायब्ररीच्या लेखकांना जास्त जाणवतो: प्रकाशित प्रोटोकॉलमध्ये नंतर एक फंक्शन वाढवलं की जगभरातली जुनी इम्प्लिमेंटेशन अपुरी ठरतात आणि ते फंक्शन पहिल्यांदा बोलावलं जाईल त्या क्षणी कोसळतात. म्हणून प्रोटोकॉल एका किंवा दोन फंक्शनांचाच ठेवावा. बाकीची सोयीची फंक्शनं साध्या मॉड्यूलमध्ये लिहून आतून प्रोटोकॉलला हाक मारावी. लिस्टसारख्या संग्रहांवर काम करणाऱ्या ‘एनम’ मॉड्यूलची रचना अशीच आहे: त्यात डझनावारी फंक्शनं आहेत, पण ती उभी आहेत ‘एन्युमरेबल’ प्रोटोकॉलच्या चारच फंक्शनांवर.

टाइप म्हणजे नेमकं काय

नव्याने आलेल्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. प्रोटोकॉल पहिल्या पॅरामीटरचा टाइप बघतो, पण हे ‘टाइप’ म्हणजे व्हर्च्युअल मशीनचे मोजके टाइप आणि त्यांच्या जोडीला प्रत्येक स्ट्रक्ट. अ‍ॅटम, बिटस्ट्रिंग, फ्लोट, फंक्शन, इंटिजर, लिस्ट, मॅप, पीआयडी, पोर्ट, रेफरन्स आणि टपल. एवढेच.

‘निल’, ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ हे तिघेही नाव हीच किंमत असलेले अ‍ॅटम आहेत. रिकाम्या रकमेला शून्य मानावं म्हणून अ‍ॅटमसाठी इम्प्लिमेंटेशन लिहिलं आणि त्यात येईल त्याला शून्य परत दिलं, तर ‘ट्रू’चे पैसेही शून्य होतात आणि चुकून आलेल्या कुठल्याही अ‍ॅटमचेही. तिथे फक्त ‘निल’ला जुळणारी एकच शाखा लिहावी, बाकीचे अ‍ॅटम आपोआप अडकतील. हाच प्रकार किमतीचा मजकूर करणाऱ्या, भाषेच्या स्वतःच्या ‘स्ट्रिंग चार्स’ प्रोटोकॉलमध्ये दिसतो. तिथे ‘निल’ची स्ट्रिंग रिकामी ठरवलेली आहे, त्यामुळे ग्राहकाचं नाव ‘निल’ असलं तरी ‘नमस्कार’ नंतर नुसता स्वल्पविराम छापून पत्र निघून जातं; एरर कुठेच येत नाही. क्लोजरमध्ये ‘निल’साठी स्वतंत्र इम्प्लिमेंटेशन देता येतं आणि ते जास्त स्वच्छ आहे.

स्ट्रिंग हा वेगळा टाइप नाही, ती बिटस्ट्रिंग आहे. कीवर्ड लिस्ट ही लिस्टच. टपलमध्ये तर ‘ओके’वालं उत्तर, ‘एरर’वालं उत्तर, अक्षांश-रेखांशाची जोडी सगळं एकाच पोत्यात पडतं. टपलसाठी प्रोटोकॉल लिहायचा मोह झाला तर तिथे स्ट्रक्ट हवं होतं हे ओळखावं.

आणि मॅप. स्ट्रक्ट आतून मॅपच असतं, पॅटर्न मॅचिंगमध्ये मॅपसारखंच जुळतं, ‘इज मॅप’ला ‘हो’ म्हणतं. पण मॅपसाठी लिहिलेलं इम्प्लिमेंटेशन स्ट्रक्टला लागू होत नाही. साध्या मॅपवर ‘एनम डॉट मॅप’ चालतं आणि तेच स्ट्रक्टवर चालवलं की ‘एन्युमरेबल इम्प्लिमेंट केलेलं नाही’ अशी एरर येते, त्याचं कारण हे. सुरुवातीला हे गैरसोयीचं वाटतं, पण निर्णय योग्य आहे. वापरकर्त्याच्या स्ट्रक्टमधून फिरताना त्याचा पासवर्ड हॅशही एक ‘घटक’ म्हणून हाती यावा, असं कुणालाच नको असतं.

कुठल्याच इम्प्लिमेंटेशनमध्ये न बसणाऱ्यांसाठी ‘एनी’ आहे. ते दोन तऱ्हांनी वापरता येतं आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रोटोकॉलमध्ये ‘फॉलबॅक टू एनी’ला ‘ट्रू’ केलं की जगातला प्रत्येक टाइप मुकाट्याने ‘एनी’कडे जातो, मघाशी कौतुक केलेली एरर त्या क्षणी संपते. दुसरी तऱ्हा: ‘एनी’चं इम्प्लिमेंटेशन लिहायचं, फॉलबॅक बंदच ठेवायचा आणि ज्या स्ट्रक्टला ते हवं त्यानेच ‘डिराइव्ह’ करून मागायचं. जवळपास नेहमी दुसरी तऱ्हाच बरोबर असते. ‘डिराइव्ह’ची ओळ ‘डेफस्ट्रक्ट’च्या वर हवी, खाली लिहिली तर तिचा काही उपयोग होत नाही. एक्टो या डेटाबेसच्या लायब्ररीत ती ‘स्कीमा’ ब्लॉकच्या वर येते.

कन्सॉलिडेशन: वेग कुठून येतो आणि टेस्ट का फसतात

प्रोटोकॉल खुला असतो, म्हणजे उद्या कुणीही नवं इम्प्लिमेंटेशन आणू शकतो. मग हाक मारताना योग्य मॉड्यूल सापडतं कसं? मूळ पद्धत अशी: स्ट्रक्टचं नाव घ्यायचं, प्रोटोकॉलच्या नावाला जोडायचं, त्या नावाचं मॉड्यूल लोड होतं का पाहायचं. ‘पैसे’ प्रोटोकॉल आणि ‘डेसिमल’ स्ट्रक्ट असेल तर ‘पैसे डॉट डेसिमल’ हे मॉड्यूल. प्रत्येक हाकेला ही शोधाशोध महाग पडते. म्हणून ‘मिक्स’ हे एलिक्सिरचं बिल्डचं साधन सगळा प्रकल्प आणि डिपेंडन्सी कंपाइल झाल्यावर एक शेवटची पायरी करतं: उपलब्ध इम्प्लिमेंटेशन गोळा करून प्रोटोकॉलचं मॉड्यूल पुन्हा लिहितं आणि त्यात प्रत्येक टाइपसाठी थेट शाखा घालतं. याला कन्सॉलिडेशन म्हणतात. १.२ या आवृत्तीपासून ते आपोआप चालू असतं आणि तयार फाइली बिल्ड फोल्डरमधल्या ‘कन्सॉलिडेटेड’ या उपफोल्डरमध्ये दिसतात.

ही पायरी एकदा झाली की दार बंद. त्यानंतर जन्मलेलं इम्प्लिमेंटेशन कुणाला दिसत नाही. ‘आयएक्स’ या संवादी शेलमध्ये प्रकल्प चालू करून तिथेच ‘डेफइम्प्ल’ टंकलं तर वॉर्निंग येते की प्रोटोकॉल आधीच कन्सॉलिडेट झाला आहे आणि या इम्प्लिमेंटेशनचा परिणाम होणार नाही. टेस्टच्या फाइलमध्ये खोटं स्ट्रक्ट आणि त्याचं इम्प्लिमेंटेशन लिहिणारे हमखास इथे अडकतात: कोड समोर दिसतो, तरी एरर म्हणते इम्प्लिमेंटेशन नाही.

यावर इंटरनेटवर सर्रास दिला जाणारा उपाय म्हणजे प्रकल्पाच्या फाइलमध्ये ‘कन्सॉलिडेट प्रोटोकॉल्स’ टेस्टपुरतं बंद करणं. चालतो, पण त्याने टेस्ट मंदावतात आणि टेस्टमधला प्रोटोकॉल प्रॉडक्शनमधल्या प्रोटोकॉलपेक्षा वेगळ्या रीतीने चालतो. त्यापेक्षा ‘टेस्ट’ फोल्डरमध्ये ‘सपोर्ट’ हा उपफोल्डर करावा, ‘एलिक्सिरसी पाथ्स’मध्ये टेस्टच्या वातावरणासाठी तो जोडावा आणि खोटी स्ट्रक्ट तिथे ठेवावीत. ती मुख्य कोडबरोबरच कंपाइल होतात, त्यामुळे कन्सॉलिडेशनमध्ये सामील होतात. काही बिनसलंच तर दोन हाका उपयोगी पडतात: ‘प्रोटोकॉल डॉट कन्सॉलिडेटेड’ हे होय-नाही सांगतं, आणि कुठल्याही प्रोटोकॉलवर ‘इम्प्ल फॉर’ चालवलं की दिलेल्या किमतीसाठी कुठलं मॉड्यूल निवडलं जाईल ते कळतं. ‘निल’ आलं तर इम्प्लिमेंटेशन नाही.

सोबत येणारे प्रोटोकॉल

भाषेबरोबर जे प्रोटोकॉल येतात त्यात ‘एन्युमरेबल’ सगळ्यात ताकदीचा आणि चुकवायला सगळ्यात सोपा. ‘पावती’ स्ट्रक्टमध्ये ‘ओळी’ ही लिस्ट आहे आणि पावतीवर थेट ‘एनम’ चालवायचं आहे, असं समजू. चार फंक्शनं लागतात: ‘रिड्यूस’, ‘काउंट’, ‘मेंबर’ आणि ‘स्लाइस’. खरं काम एकेक घटक घेत उत्तर साठवणाऱ्या ‘रिड्यूस’चं. ते हाताने लिहायचं तर ‘कंट’ (पुढे चल), ‘हॉल्ट’ (थांब) आणि ‘सस्पेंड’ (तात्पुरता थांब) या तिन्ही सूचना सांभाळाव्या लागतात. ‘सस्पेंड’ विसरलं तर ‘मॅप’, ‘फिल्टर’ सगळं व्यवस्थित चालतं आणि दोन स्रोत ‘झिप’ करताना मात्र कोसळतं, कारण झिपला एका स्रोताला मध्येच थांबवून दुसऱ्याकडे जावं लागतं. आत लिस्टच असेल तर हा उपद्व्याप करूच नये. ‘ओळी’ बाहेर काढून आलेलं अ‍ॅक्युम्युलेटर आणि फंक्शन जसंच्या तसं लिस्टच्या ‘रिड्यूस’ला सोपवावं.

उरलेल्या तिघांना ‘एरर’ आणि स्वतःच्या मॉड्यूलचं नाव असा टपल परत देता येतो. त्याचा अर्थ ‘माझ्याकडे जलद मार्ग नाही, तू रिड्यूसनेच मोज’. सुरुवातीला तेच द्यावं. ‘काउंट’ला जलद उत्तर देण्याच्या हौसेत घात होतो तो असा: ‘रिड्यूस’ रद्द झालेल्या ओळी गाळतं, ‘काउंट’ मात्र अख्ख्या लिस्टची लांबी सांगतं. मग ‘एनम डॉट काउंट’ ७ म्हणतं आणि त्याच पावतीची लिस्ट केली की ५ ओळी निघतात. ‘स्लाइस’मध्ये असंच झालं तर ‘एनम डॉट अ‍ॅट’ रद्द झालेली ओळ हातात देतं. कंपाइलर यातलं काही पकडत नाही; चारही फंक्शनांचं एकमत राखणं लिहिणाऱ्याच्याच हाती.

अजून एक मर्यादा. ‘एनम डॉट मॅप’ नेहमी लिस्टच परत देतं, पावती दिली तरी. हॅस्केलचा ‘फंक्टर’ कंटेनरचा टाइप टिकवतो, एलिक्सिरचा ‘एन्युमरेबल’ नाही. परत पावती हवी असेल तर ‘कलेक्टेबल’ हा प्रोटोकॉल वेगळा लिहून ‘एनम डॉट इन्टू’ करावं लागतं. पावतीसारख्या स्ट्रक्टला ग्राहक, तारीख, क्रमांक हेही असतं आणि ते ओळींतून परत उभं करता येत नाही. तिथे साधं ‘ओळी बदला’ असं फंक्शन जास्त प्रामाणिक.

‘इन्स्पेक्ट’कडे लोक दुर्लक्ष करतात आणि ते करू नये. लॉगमध्ये आणि एररच्या मजकुरात स्ट्रक्ट कसं छापलं जाईल ते हा प्रोटोकॉल ठरवतो, आणि त्याचं मूळ वागणं सगळी फील्ड छापण्याचं आहे. पासवर्ड हॅश, टोकन, आधार क्रमांक लॉगमध्ये जातात ते असेच. ‘डिराइव्ह’ला ‘ओन्ली’ देऊन छापायची फील्ड मोजून सांगता येतात. ‘एक्सेप्ट’ही आहे, पण ते नको: उद्या स्ट्रक्टमध्ये ‘ओटीपी’ हे फील्ड वाढलं तर ‘एक्सेप्ट’ ते बिनधास्त छापेल, ‘ओन्ली’ छापणार नाही. एक्टोच्या स्कीमात फील्डपुढे ‘रिडॅक्ट: ट्रू’ लिहिलं तरी चालतं.

‘स्ट्रिंग चार्स’ रुपयांसाठी मोहक वाटतो. १२,३४,५६७ असा लाख-कोटीचा स्वल्पविराम टाकणारं इम्प्लिमेंटेशन लिहिलं की मजकुरात रक्कम थेट गुंफता येते. पण या प्रोटोकॉलच्या फंक्शनला किमतीशिवाय दुसरा पॅरामीटर नाही. देवनागरी अंक हवेत की रोमन, पैसे दाखवायचे की नाही, हे सांगायला जागाच नाही. तिथे एकच ठरलेलं रूप द्यावं आणि पर्याय घेणारं छपाईचं फंक्शन वेगळं ठेवावं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही पावत्या काढणाऱ्या अ‍ॅपमध्ये हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो.

एका टाइपला एकच इम्प्लिमेंटेशन

प्रोटोकॉलची खरी किंमत इथे मोजावी लागते. डेटा जेएसओएन (JSON) या मजकुरी स्वरूपात लिहिणाऱ्या जेसन (Jason) लायब्ररीचं उदाहरण घेऊ. तिचा ‘जेसन एन्कोडर’ प्रोटोकॉल डेसिमलला अवतरणचिन्हांत, म्हणजे स्ट्रिंग म्हणून लिहितो. कारण योग्य आहे: समोरचा ब्राउझर त्या आकड्याचा फ्लोट करून अचूकता घालवू शकतो. पण एखाद्या भागीदार कंपनीच्या एपीआयला नुसता आकडाच हवा असेल तर? डेसिमलसाठी इम्प्लिमेंटेशन आधीच आहे. आपण दुसरं लिहिलं तर त्याच नावाचं मॉड्यूल दुसऱ्यांदा जन्म घेतं, कंपाइलर ‘पुन्हा व्याख्या होते आहे’ अशी वॉर्निंग देतो आणि शेवटी कुठलं वापरलं जाईल ते लोड होण्याच्या क्रमावर जातं. एका यंत्रावर चाललं, दुसऱ्यावर नाही, असा हा दोष असतो.

सरळ मार्ग दोनच. एन्कोड करण्याआधी किंमत आपण स्वतः बदलायची, किंवा डेसिमलभोवती ‘उघडा आकडा’ असं एक फील्डचं स्ट्रक्ट गुंडाळून त्याच्यासाठी इम्प्लिमेंटेशन लिहायचं. दुसरा मार्ग म्हणजे हॅस्केलचं ‘न्यूटाइप’च, तिथे ही प्रथा इतकी रुळली आहे की जीएचसी या हॅस्केलच्या कंपाइलरच्या ८.६ आवृत्तीपासून ‘डिराइव्हिंग व्हाया’ने गुंडाळीमागचं कंटाळवाणं लिखाणही वाचतं. एलिक्सिरमध्ये ते हाताने.

दोन्ही परके असतील, म्हणजे प्रोटोकॉल एका लायब्ररीचा आणि टाइप दुसऱ्या लायब्ररीचा, तर एलिक्सिर हरकत घेत नाही. हॅस्केलमध्ये याला अनाथ इन्स्टन्स म्हणतात, त्यासाठी वेगळी वॉर्निंग आहे आणि त्याच टाइपची दोन इन्स्टन्स एकाच जागी वापरायची वेळ आली की कंपाइलर नकार देतो. एलिक्सिरमध्ये अ‍ॅपच्या पातळीवर असं इम्प्लिमेंटेशन लिहायला हरकत नाही, कारण अ‍ॅप हे साखळीचं शेवटचं टोक असतं. परक्या स्ट्रक्टला ‘डिराइव्ह’सारखंच इम्प्लिमेंटेशन हवं असेल तर ‘प्रोटोकॉल डॉट डिराइव्ह’ त्यासाठीच आहे. पण प्रकाशित लायब्ररीत दोन परक्यांचं लग्न लावू नये. तीच जोडी आणखी कुणी जुळवली की वापरणाऱ्याचा प्रकल्प वर सांगितलेल्या दोषात सापडतो.

स्काला ३ या भाषेने वेगळी वाट घेतली आहे. तिथे ‘गिव्हन’ आणि ‘एक्सटेन्शन’ स्कोपनुसार लागू होतात, त्यामुळे एका फाइलमध्ये एक क्रमवारी आणि दुसरीत दुसरी ठेवता येते. लवचीकता मोठी, पण एका क्रमाने बांधलेला संच दुसऱ्या क्रमाने शोधला जाण्याची शक्यताही तिच्याबरोबर येते. एफ शार्पच्या ऐच्छिक एक्सटेन्शनने टाइपला मेथड जोडल्यासारखी दिसते, पण त्या टाइपने नवा इंटरफेस पाळला असं होत नाही. क्लोजरमध्ये शेवटचं एक्सटेन्शन जिंकतं, तेही चालू प्रोग्राममध्ये. तिथे १.१० आवृत्तीपासून एकाच किमतीला मेटाडेटाच्या रूपाने इम्प्लिमेंटेशन जोडण्याची सोय आहे, ती मात्र एलिक्सिरमध्ये असती तर बरं झालं असतं.

जे प्रोटोकॉलने होत नाही

तुलनेची चिन्हं प्रोटोकॉलने बदलत नाहीत. ‘लहान-मोठं’ ही चिन्हं आणि ‘एनम डॉट सॉर्ट’ किमतीची अंतर्गत रचना पाहतात. तारखेच्या स्ट्रक्टमध्ये फील्डची नावं वर्णक्रमाने तपासली जातात: कॅलेंडर, मग दिवस, मग महिना, मग वर्ष. म्हणून नुसतं ‘सॉर्ट’ केलं की २ मार्च २०२५ ही तारीख १५ जानेवारी २०२५ च्या आधी येते. दुसरा पॅरामीटर म्हणून ‘डेट’ मॉड्यूल दिलं की त्यातलं ‘कंपेअर’ वापरलं जातं आणि क्रम बरोबर लागतो. आपल्या ‘रुपये’ मॉड्यूलमध्येही ‘कंपेअर’ लिहून ठेवावं; ते दोन किमती घेऊन ‘एलटी’, ‘इक्यू’ किंवा ‘जीटी’ यांपैकी एक अ‍ॅटम देतं. हे प्रोटोकॉल नाही, नुसता संकेत आहे.

निवड फक्त पहिल्या पॅरामीटरवर होते. रुपयांत टक्के मिसळायचे, रुपयांत रुपये मिळवायचे, अशी दोन्ही बाजूंवर अवलंबून असलेली कामं आली की दुसऱ्या बाजूचे प्रकार इम्प्लिमेंटेशनच्या आत पॅटर्न मॅचिंगने हाताळावे लागतात, आणि ती बाजू पुन्हा बंदिस्त होते. क्लोजरमध्ये अशा वेळी मल्टिमेथड (एकाहून जास्त पॅरामीटर पाहून निवड करणारी फंक्शनं) असतात. परत येणाऱ्या टाइपवरून निवड, जी हॅस्केलमध्ये रोजची आहे, ती इथे शक्यच नाही: ‘रिकामी किंमत दे’ असं फंक्शन प्रोटोकॉलमध्ये लिहिता येत नाही, कारण बघायला पहिला पॅरामीटरच नसतो. जिथे मॉड्यूलच निवडायचं आहे, जसं की एसएमएस कुठल्या सेवेने पाठवायचा, तिथे प्रोटोकॉल नको, ‘बिहेवियर’ (मॉड्यूलने कुठली फंक्शनं द्यायची त्याचा करार) हवं.

आणि टाइप तीनच असतील, तिन्ही आपलेच असतील, वाढणार नसतील, तर तीन शाखांचं एक साधं फंक्शन लिहावं. एका फाइलमध्ये सगळं दिसतं, एडिटर थेट तिथे नेतो आणि कन्सॉलिडेशनचा विचारही करावा लागत नाही.

कोणती आवृत्ती

बरीच वर्षं प्रोटोकॉलच्या चुका प्रोग्राम चालू असतानाच कळायच्या. २०२५ मध्ये आलेल्या १.१९ ने इथे मोठी सुधारणा केली: प्रोटोकॉलला मारलेल्या हाका आता कंपाइलरचा टाइप चेकर तपासतो. ‘स्ट्रिंग चार्स’ नसलेलं स्ट्रक्ट मजकुरात गुंफलं आणि त्याचा टाइप कंपाइलरला कळत असेल, तर कंपाइल होतानाच वॉर्निंग येते. एवढ्यासाठी तरी आवृत्ती वाढवावी. १.१८ पासून जेएसओएनचं काम करणारं मॉड्यूल आणि त्याचा एन्कोडर प्रोटोकॉल भाषेतच आला आहे. नव्या प्रकल्पाला वेगळी लायब्ररी लागत नाही, पण जुन्या प्रकल्पात ‘डिराइव्ह’च्या ओळी नव्या प्रोटोकॉलसाठी पुन्हा लिहाव्या लागतात, कारण एका प्रोटोकॉलचं इम्प्लिमेंटेशन दुसऱ्याला चालत नाही.

जुन्या आवृत्तीवर अडकलेल्यांनी एक टेस्ट जरूर लिहावी: ज्या स्ट्रक्टना ‘पैसे’ प्रोटोकॉल लागू असायलाच हवा त्यांची यादी करून प्रत्येकावर ‘प्रोटोकॉल डॉट असर्ट इम्प्ल’ चालवायचं. नवं स्ट्रक्ट आलं की यादीत एक नाव वाढवायचं. इम्प्लिमेंटेशन विसरलं असेल तर ते ग्राहकाच्या बिलावर कळण्याआधी इथे कळतं.